ह्यूगो म्युन्स्टरबर्ग : माणूस आणि काम यांची सांगड

'चरित्र' आणि 'चारित्र्य' या दोन्ही शब्दांच्या मुळाशी 'चर्' हा धातू आहे. माणूस कसा वागतो, हा प्रश्न दोहोंतही अनुस्यूत आहे. उद्योग-व्यापाराच्या क्षेत्रात हा प्रश्न शास्त्रीय पद्धतीने हाताळणाऱ्या आद्य लेखकांपैकी एक म्हणजे ह्यूगो म्युन्स्टरबर्ग.

त्यांचा जन्म १ जून १८६३ रोजी डान्झिग येथे एका ज्यू व्यापारी कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा प्रशियात होते. आज ते पोलंडमध्ये आहे. लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १८८५ मध्ये डॉक्टरेट मिळविली. विल्यम जेम्स यांच्या निमंत्रणावरून १८९२ मध्ये ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात आले. मध्यंतरी काही काळ ते मायदेशी परतले. १८९७ पासून मात्र हार्वर्ड हीच त्यांची कर्मभूमी ठरली.

प्रयोगशाळेतील मानसशास्त्र व्यवहारात उतरले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. १९१३ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या औद्योगिक कार्यक्षमतेवरील ग्रंथात त्यांनी तीन प्रश्न मांडले : कामासाठी योग्य माणूस कसा निवडावा, त्याच्याकडून उत्तम काम कसे व्हावे आणि ग्राहकाच्या मनावर इष्ट परिणाम कसा साधावा. ट्रामचालकांचे अवधान तपासण्यासाठी त्यांनी चाचणी तयार केली. टेलिफोन कंपनीतील नवशिक्या मुलींचीही त्यांनी परीक्षा घेतली. कंपनीने त्यांच्या नकळत काही अनुभवी कर्मचारी त्यांत मिसळल्या होत्या. त्या गुणानुक्रमे वरच्या स्थानी आल्या. पारख करणाऱ्याचीच ही पारख होती, हे येथे लक्षात घ्या.

यापेक्षा कठोर पारख पुढे होती. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले आणि त्यांनी अमेरिकेत राहून जर्मनीची बाजू उघडपणे मांडली. स्नेही दुरावले, हेरगिरीचा संशय घेतला गेला. त्यांना काढून टाकण्याची मागणी झाली. हार्वर्डने ती मानली नाही. १६ डिसेंबर १९१६ रोजी रॅडक्लिफ महाविद्यालयात व्याख्यान देत असतानाच ते कोसळले व मृत्यू पावले. तेव्हा त्यांचे वय ५३ वर्षांचे होते.

त्यांनी रुजविलेल्या निवडचाचण्यांची परंपरा पुढे वाढली. त्यांचे नाव मात्र दीर्घकाळ मागे पडले. कामाची पात्रता मोजता येते, हे त्यांनी दाखविले. निष्ठा मोजण्याचे माप मात्र त्यांच्या काळातील समाजापाशी होते काय? हे चरित्र वाचताना आपण या प्रश्नाचा अवश्य विचार करावा.