फास्टर फेणेला जन्म देणारे भा. रा. भागवत आजच्या तिसरीच्या वर्गाच्या कामाला कसे येतात?

ट्टॉक!

हा आवाज वाचून ज्यांच्या डोळ्यांसमोर एक किडकिडीत पोरगा आणि त्याची सायकल आली, त्यांचं बालपण भारी गेलं असं समजायला हरकत नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. हा पोरगा म्हणजे पुण्याजवळच्या फुरसुंगीचा बनेश फेणे, उर्फ फास्टर फेणे. १९८७ मध्ये दूरदर्शनवर सुमीत राघवनने तो साकारला आणि २०१७ च्या सिनेमात अमेय वाघने. त्याच सिनेमात दिलीप प्रभावळकरांनी एका आजोबांची भूमिका केली होती. ते आजोबा काल्पनिक नव्हते. ते होते फेणेचे लेखक, भा. रा. भागवत.

फेणे सगळ्यांना माहीत आहे, पण त्याला घडवणारा माणूस तितकासा माहीत नाही. आणि आज प्राथमिक शाळेत मुलं वाचत का नाहीत यावर जी चर्चा चालते, तिचं निम्मं उत्तर या माणसाच्या कामात सापडतं.

रेडिओ, चळवळ आणि मग पोरांसाठी मासिक

भास्कर रामचंद्र भागवत यांचा जन्म १९१० चा, इंदूरचा. तरुणपणी ते दिल्लीत रेडिओवर नोकरीला होते. १९४२ ला चले जाव चळवळ पेटली तेव्हा त्यांनी नोकरी सोडली, चळवळीत उडी घेतली आणि तुरुंगवासही भोगला.

स्वातंत्र्यानंतर त्यांच्यासारख्या लिहित्या माणसाला मोठ्यांसाठी लिहिण्याचा रस्ता मोकळा होता. प्रतिष्ठा तिकडेच होती. बालसाहित्य म्हणजे दुय्यम काम, असं तेव्हाही मानलं जायचं. तरीही भागवतांनी १९५१ मध्ये बालमित्र नावाचं मुलांचं मासिक सुरू केलं. त्यांना साथ होती पत्नी लीलावती भागवत यांची. त्या स्वतः बालसाहित्यिक होत्या आणि मुंबई आकाशवाणीवरच्या कार्यक्रमांमुळे घराघरात पोचल्या होत्या.

ज्युल व्हर्न मराठी बोलायला लागला

भागवतांनी मराठी मुलांसाठी केलेलं एक मोठं काम म्हणजे ज्युल व्हर्न हा फ्रेंच लेखक. चंद्रावरची स्वारी, समुद्राच्या तळाशी चालणारी पाणबुडी, ऐंशी दिवसांत पृथ्वीला फेरी, हे सगळं त्यांनी मराठीत आणलं. त्या काळात मराठी माध्यमाच्या मुलाला जगाचा नकाशा भिंतीवर दिसायचा, पण त्या नकाशात शिरायची वाट या पुस्तकांनी दाखवली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. व्हर्नची पृथ्वीप्रदक्षिणेची कादंबरी १८७२ मध्ये आधी पॅरिसच्या एका वर्तमानपत्रात क्रमशः छापली गेली होती. लोक पुढच्या भागाची वाट बघायचे. पुढे काय होणार ही हुरहूर धाडसकथेच्या रक्तातच आहे. मासिक चालवणाऱ्या भागवतांना ती नेमकी कळली होती.

आणि मग आला फेणे

परदेशी नायक मराठीत आणणं वेगळं आणि आपल्या मातीतला नायक उभा करणं वेगळं. भागवतांनी दुसरंही केलं.

फेणे राजपुत्र नाही, त्याच्याकडे जादू नाही, अंगात ताकदही फार नाही. तो पुण्यात विद्याभवन नावाच्या शाळेत शिकतो, भन्नाट सायकल मारतो, डोकं चालवतो आणि जीभ टाळूला लावून ट्टॉक करतो. तो प्रतापगडावर जातो, काश्मीरला जातो, चक्रीवादळात सापडतो. अशी तब्बल २० पुस्तकं झाली. वाचणाऱ्या पोराला वाटायचं, हे तर मलाही जमेल. त्याच्या जोडीला भागवतांनी बिपिन बुकलवार हा पुस्तकवेडा मुलगाही आणला. वाचणारा पोरगासुद्धा हिरो असू शकतो, हे त्यातून मुलांना न सांगता कळलं.

मग याचा वर्गाशी काय संबंध?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता आलं पाहिजे, यावर भर दिला. २०२१ मध्ये त्यासाठी निपुण भारत अभियान सुरू झालं. पण अक्षरं ओळखणं आणि वाचणं यात फरक आहे. बाराखडी पाठ असलेलं मूलसुद्धा पान उलटायला कारण मागतं. धाडसकथा ते कारण देते.

पहिली-दुसरीत फेणेचं अख्खं पुस्तक झेपणार नाही. तिथे बाईंनी किंवा सरांनी एखादा प्रसंग आपल्या शब्दांत सांगायचा, रोज दहा-पंधरा मिनिटं. तिसरी-चौथीत थेट पुस्तकातून मोठ्याने वाचायचं. ऐन रंगात आलं की थांबायचं आणि विचारायचं, आता फेणे काय करेल? मुलं अंदाज बांधतात, आधी काय घडलं ते आठवतात, एकमेकांशी वाद घालतात. समजून वाचणं म्हणजे दुसरं काय असतं? उरलेलं प्रकरण वर्गाच्या पेटीत ठेवून द्यायचं. ज्याला राहवत नाही, तो स्वतः उघडतो.

दुसरी युक्ती जागेची. भागवतांनी फुरसुंगी निवडली, कारण धाडस आपल्या गावातूनही सुरू होतं. मग वर्तकनगरच्या मुलांना विचारा, फेणे येऊरच्या जंगलात हरवला तर बाहेर कसा येईल? उपवन तलावाकाठी त्याला एखादी बेवारस पिशवी दिसली तर? कल्याण-डोंबिवलीची मुलं लोकल आणि खाडी घेऊन येतील. नकाशा काढा, दोन ओळी लिहा, झाली गोष्ट. यासाठी ना स्मार्ट बोर्ड लागतो ना जास्तीचा निधी.

सगळंच जसंच्या तसं नको

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ही पुस्तकं त्यांच्या काळातली आहेत. काही शब्द आजच्या मुलांना अडतात, ते वाचताना सोपे करून सांगावे लागतात. मध्यभागी मुलगा आहे, त्यामुळे वर्गातल्या मुलींनाही नायिका करून गोष्ट रचायला सांगणं गरजेचं आहे. आणि फेणेचे काही उद्योग घरी करून बघायचे नसतात, हेही बोलून घ्यावं. पण ही कारणं पुस्तक बाजूला ठेवायची नाहीत. शिक्षकाने सोबत बसून वाचायची आहेत.

खरी अडचण वेगळी आहे. आपल्याकडे गोष्टीच्या पुस्तकाला अवांतर वाचन म्हणतात. अवांतर म्हणजे अभ्यास उरकल्यावर, वेळ उरला तर. ज्या मुलाच्या घरी एकही गोष्टीचं पुस्तक नाही, त्याच्यासाठी तो वेळ कधीच उरत नाही. त्याला फेणे भेटला तर शाळेतच भेटणार.

भागवत २००१ मध्ये गेले. त्यांनी कोणतीही शिक्षणपद्धती मांडली नाही, शाळा काढली नाही. मूल हे अर्धवट मोठं माणूस नसून पूर्ण वाचक आहे, इतकं मानून ते आयुष्यभर लिहीत राहिले. त्यांची पुस्तकं आजही दुकानात मिळतात. तुमच्या घरात, सोसायटीत किंवा ओळखीच्या शाळेत तिसरी-चौथीतलं मूल असेल तर एक आणा, मोठ्याने वाचायला घ्या आणि ऐन मोक्याच्या जागी थांबा.

पुढचं मूल स्वतः वाचेल.