गणिती ग्रंथपाल : शि. रा. रंगनाथन

ग्रंथपालाविषयीचे विनोद बहुधा एकाच साच्यातले असतात. चष्म्यावरून रोखून पाहणारा, ओठांवर बोट ठेवणारा आणि सर्व पुस्तके कपाटात कुलूपबंद असली की निश्चिंत होणारा गृहस्थ त्यांत हटकून भेटतो. ‘ग्रंथालयशास्त्र’ हा शब्द ऐकून तर पुष्कळांना हसू येते. पुस्तके मांडून ठेवण्याचे कसले आले आहे शास्त्र? शियाळी रामामृत रंगनाथन (१८९२–१९७२) यांचे चरित्र वाचताना हे हसू ध्यानात ठेवावे. कारण एके काळी त्यांचे स्वतःचे मत याहून फारसे निराळे नव्हते.

तंजावर जिल्ह्यातील शियाळीचा हा मुलगा सहा वर्षांचा असतानाच पितृछत्राला मुकला. बोलताना जीभ अडखळत असे, तरी त्याने पेशा निवडला तो शिक्षकाचाच. मद्रास ख्रिश्चन कॉलेजात प्रा. एडवर्ड रॉस यांच्या हाताखाली गणितात एम. ए. झाल्यावर १९१७ पासून मंगळूर, कोइंबतूर व मद्रास येथे रंगनाथनांनी अध्यापन केले. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. या कामाचा अनुभव शून्य होता. मुलाखतीपूर्वी विश्वकोशातील माहितीवर त्यांनी नजर फिरवली होती, एवढीच पूर्वतयारी. रुजू होताच भोवतालच्या शांततेने ते बेजार झाले. काही दिवसांतच जुन्या कॉलेजच्या प्राचार्यांकडे जाऊन, मला पुन्हा वर्गात घ्या, अशी त्यांनी गळ घातली. प्राचार्यांनी तोड सुचवली : ठरल्याप्रमाणे आधी लंडनला जाऊन यावे, परत आल्यावरही कंटाळा टिकून असेल, तर जागा आहेच.

कंटाळा टिकला नाही. लंडनमध्ये त्यांना डब्ल्यू. सी. बर्विक सेयर्स हे गुरू लाभले आणि शेकडाहून अधिक ग्रंथालये पाहता आली. परंतु खरा साक्षात्कार घडला तो सेल्फ्रिजेस या दुकानातील खेळण्यांच्या विभागात! तेथे ‘मेकॅनो’चा संच मांडला होता. त्याच त्या पट्ट्या, चाके नि स्क्रू निराळ्या रीतीने जोडले की निराळे खेळणे तयार. ड्यूईच्या दशांश पद्धतीत विषयांचे खण आधीच पाडलेले असतात. नवा विषय आला की त्याला कुठे तरी दाटीवाटीने बसवावे लागते. त्याऐवजी विषयाचे घटक सुटे ठेवावेत आणि पुस्तक हाती आल्यावर जोडावेत, असे या गणितज्ञाला सुचले. भात, विषाणुजन्य रोग, निर्मूलन, जपान असे एकेक अंश घेऊन क्रमांक रचायचा नि मधे विरामचिन्हांचे स्क्रू घट्ट करायचे. परतीच्या प्रवासात बोटीवरच्या ग्रंथसंग्रहावर त्यांनी हा प्रयोगही करून पाहिला. ‘द्विबिंदू वर्गीकरण’ १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले.

ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडणारा त्यांचा ग्रंथ त्याआधी, १९३१ मध्ये, आला होता. पदार्थविज्ञानाला नियम आहेत, तर ग्रंथालयाला का नसावेत, या प्रश्नाने त्यांना पछाडले होते. १९२८ मध्ये एका भेटीत प्रा. रॉस यांनी, पुस्तकाचे प्रयोजन त्याच्या वापरात आहे, हा पहिला नियम जणू जाता जाता हाती ठेवला. पुढले चार त्यातून उलगडले. त्याच वर्षी पत्नी रुक्मिणी मंदिराच्या तलावात बुडून वारल्या. रंगनाथन कामात अधिकच बुडाले. वीस वर्षे त्यांनी रजा घेतली नाही असे सांगतात; घरच्यांनी या विक्रमाचे कौतुक कितपत केले असेल, हा वेगळा प्रश्न.

वाचकाचा वेळ वाचवावा, हा त्यांचा चौथा सिद्धान्त. गंमत अशी की, त्यांचे वर्गांक दिसतात बीजगणितातील समीकरणासारखे, आणि ते उलगडताना वाचकच काय, कर्मचारीही घामाघूम होतो. म्हणून देशातील बहुतेक ग्रंथालये ड्यूईलाच धरून राहिली. विषयाचे पैलू सुटे करण्याची त्यांची दृष्टी मात्र जगभर स्वीकारली गेली. आपल्यासारख्या घरी राहून शिकणाऱ्यांना कदाचित दुसरेच काही अधिक भावेल. वाचकाला थेट कपाटांपर्यंत जाऊ द्यावे, यासाठी ते झटले. १९३१ मध्ये त्यांच्या प्रेरणेने मन्नारगुडी येथे पुस्तके बैलगाडीत बसून खेडोपाडी निघाली.

१९४५ नंतर बनारस, दिल्ली, झुरिक, उज्जैन अशी भ्रमंती झाली. बनारसला सुमारे लाखभर पुस्तकांचे वर्गीकरण त्यांनी जवळजवळ एकहाती केले. आयुष्याच्या शिलकीतून एक लाख रुपये मद्रास विद्यापीठाला देऊन त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे अध्यासन उभारले. त्याला नाव दिले द्वितीय पत्नी शारदा यांचे. २७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगळूर येथे त्यांचे निधन झाले. त्यांची जयंती १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन म्हणून साजरी होते. काही नोंदींत मात्र त्यांची जन्मतारीख ९ ऑगस्ट अशी आढळते.