ग्रेस हॉपर : आज्ञावलीच्या तुकड्यांना नावे देणाऱ्या गणितज्ञ

संगणकाची लांबलचक आज्ञावली लहान तुकड्यांत विभागावी आणि प्रत्येक तुकड्याला त्याचे काम सांगणारे नाव द्यावे, हा आज प्रोग्रामिंगचा प्राथमिक पाठ मानला जातो. ही शिस्त रुजविणाऱ्यांमध्ये अमेरिकी गणितज्ञ ग्रेस हॉपर यांची गणना होते.

न्यूयॉर्क येथे ९ डिसेंबर १९०६ रोजी जन्मलेल्या हॉपर यांनी १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळविली. व्हॅसार महाविद्यालयात अध्यापन करीत असताना, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या. १९४४ मध्ये हार्वर्ड येथील मार्क-१ या महाकाय गणनयंत्रावर त्यांची नेमणूक झाली.

तेथे प्रत्येक गणितासाठी आज्ञांची दीर्घ मालिका लिहावी लागे. बिनचूक ठरलेले तुकडे हॉपर व त्यांचे सहकारी वह्यांत उतरवून ठेवीत आणि गरजेनुसार एकमेकांकडून घेत. मात्र हाताने नक्कल करताना आकडे चुकत, तुकडा नव्या जागी बसविताना बेरजा चुकत. तुकडा निर्दोष असूनही आज्ञावली सदोष निघे.

हे काम यंत्रानेच करावे, असा निष्कर्ष हॉपर यांनी काढला. १९४९ मध्ये त्या एकर्ट-मॉक्ली कंपनीत रुजू झाल्या. तेथे युनिव्हॅक संगणकासाठी त्यांनी १९५२ मध्ये ‘ए-झिरो’ ही प्रणाली सिद्ध केली. चुंबकीय फितीवरील प्रत्येक तुकड्याला क्रमांक होता. क्रमांक लिहिताच यंत्र तो तुकडा शोधून जोडत असे. संगणक केवळ आकडेमोड करतो, अशी त्या काळी समजूत असल्याने अनेकांचा यावर विश्वास बसला नाही.

क्रमांकावरून वाचणाऱ्याला अर्थ कळत नाही, ही उणीव उरली होती. हॉपर यांच्या ‘फ्लोमॅटिक’ भाषेत इंग्रजी शब्द आले आणि १९५९ मध्ये आखणी सुरू झालेल्या ‘कोबोल’ला तिचाच मोठा आधार लाभला. कोबोलमध्ये तुकड्याला ३० अक्षरांपर्यंत नाव देता येई. त्यामुळे दुसऱ्याने लिहिलेली आज्ञावलीही वाचून दुरुस्त करणे शक्य झाले. अर्थात, कोबोलमध्येही सलग, दुर्बोध आज्ञावली लिहिल्या गेल्याच. भाषेने सोय दिली, तरी शिस्त लिहिणाऱ्यालाच पाळावी लागते.

१९८६ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, हॉपर रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. २०१६ मध्ये त्यांना मरणोत्तर ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ प्रदान करण्यात आले.