कामगारांचे कैवारी ना. म. जोशी

एक हजार कामगार दहा दिवस संपावर गेले, तर कामाचे दहा हजार दिवस बुडाले, असा हिशेब सरकारदप्तरी मांडतात. या हिशेबाप्रमाणे १९२८ साली हिंदुस्थानात कामाचे तीन कोटींहून अधिक दिवस बुडाले. त्यांपैकी दोन कोटींहून अधिक दिवस एकट्या मुंबईच्या कापडगिरण्यांतील होते. बुडालेल्या दिवसाला कापड निघत नाही, हे मालकाला दिसते; पण त्याच दिवशी कामगाराच्या घरी चूलही थंडावते. या दुसऱ्या हानीची जाणीव ज्यांनी जन्मभर बाळगली, ते थोर पुरुष म्हणजे नारायण मल्हार जोशी होत.

त्यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. पदवी मिळविल्यानंतर काही वर्षे त्यांनी शिक्षकाचे काम केले. १९०९ साली ते गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग ही संस्था स्थापन केली. कामगारवस्तीत रात्रीच्या शाळा, वाचनालये व दवाखाने चालविताना त्यांना चाळींतील जीवन जवळून पाहावयास मिळाले. एकेका खोलीत दाटीने राहणाऱ्या त्या कुटुंबांपाशी संकटकाळासाठी शिल्लक अशी काहीच नसे.

कामगार एकटा असला म्हणजे दुबळा ठरतो. तेव्हा त्याचा संघ हवा, हे जोशींनी ओळखले. १९२० साली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. परंतु संघाला त्या वेळी कायद्याचा आधार नव्हता. मद्रासेतील एका गिरणीच्या मालकांनी तर संघाच्या पुढाऱ्यांनाच न्यायालयात खेचले होते. म्हणून जोशींनी १९२१ साली मध्यवर्ती कायदेमंडळात कामगार संघांना संरक्षण देण्याविषयी ठराव मांडला. पाच वर्षांनी, १९२६ साली, तसा कायदा झाला.

दरम्यान १९२५ साली मुंबईच्या गिरणीमालकांनी वेतनात शेकडा साडेअकरा कपात केली. सुमारे दीड लाख कामगारांनी काम थांबविले. जोशींनी त्यांच्यासाठी मदत जमविली. परदेशांतील कामगार संघांनीही पैसे पाठविले. कामाचे एक कोटीहून अधिक दिवस बुडाल्यावर सरकारने कापडावरील अबकारी कर थांबविला आणि मालकांनी कपात मागे घेतली. संप मिटताच, १९२६ च्या आरंभी, जोशींच्या अध्यक्षतेखाली मुंबईत गिरणी कामगारांचा एक मोठा संघ उभा राहिला.

१९२८ साली मात्र त्यांची खरी कसोटी लागली. एकेका कामगाराने पूर्वीपेक्षा अधिक यंत्रे सांभाळावीत, अशी योजना मालकांनी आणली होती. त्यामुळे अनेकांचे काम जाणार होते. तथापि संप हे अखेरचे शस्त्र आहे, असे जोशींचे मत होते. सार्वत्रिक संप त्यांना प्रथम पसंत नव्हता. पण एप्रिलमध्ये गिरण्या बंद पडल्यावर ते दूर उभे राहिले नाहीत. ज्यांच्याशी त्यांचे मतभेद होते, अशा पुढाऱ्यांबरोबर ते संयुक्त संप समितीत बसले. अनेक कामगार गावी परतले. जे राहिले त्यांनी हाल सोसले. अखेर ऑक्टोबरमध्ये चौकशी समिती नेमण्याचे ठरले आणि गिरण्या पुन्हा सुरू झाल्या.

गाऱ्हाणे वेळीच ऐकले गेले, तर कामाचा दिवस सहसा बुडणार नाही, अशी जोशींची धारणा होती. म्हणूनच कायदेमंडळ असो की जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय कामगार संघटना असो, ते कामगारांची बाजू शांतपणे व आकडेवारीनिशी मांडीत. ३० मे १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. मुंबईच्या गिरणगावातील जुन्या डिलाईल रोडला आज त्यांचे नाव आहे. ज्या रस्त्याने एके काळी हजारो कामगार पाळीवर जात, त्या रस्त्याला त्यांचे नाव मिळावे, हे योग्यच झाले.