विजेचे खाते आणि काकासाहेब

सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याला लागले की मोहोळ तालुक्यात चिंचोळीची औद्योगिक वसाहत लागते. तेथे वीज गेली की यंत्रे थांबतात, पाळी वाया जाते आणि मालक व कामगार दोघेही एकमुखाने महावितरणच्या नावाने बोटे मोडतात. शहराबाहेर वीज पोहोचविणे हे सरकारचे कर्तव्य आहे ही गोष्ट आता इतकी अंगवळणी पडली आहे की, ते कर्तव्य कोणीतरी कायद्याच्या कलमांत बसवावे लागले होते याचे स्मरण उरलेले नाही. ज्या मंत्र्याने तो कायदा संमत करून घेतला, ते नरहर विष्णु उर्फ काकासाहेब गाडगीळ स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात होते.

15 ऑगस्ट 1947 रोजी अधिकारावर आलेले ते मंत्रिमंडळ चौदा जणांचे होते आणि ते केवळ काँग्रेसचे नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर, श्यामाप्रसाद मुखर्जी, षण्मुखम चेट्टी यांच्यासारखी काँग्रेसशी उभा दावा मांडलेली किंवा तिच्यापासून दूर राहिलेली माणसे त्यात होती. महाराष्ट्राच्या दृष्टीने त्या मंत्रिमंडळाचा विषय निघाला की डॉ. आंबेडकरांचे नाव प्रथम ओठांवर येते, आणि ते योग्यच आहे. पण त्याच पंगतीत बसलेल्या दुसऱ्या मराठी माणसाचा आपल्याला जो विसर पडला आहे, तो मात्र योग्य म्हणता यावयाचा नाही. गृह, परराष्ट्र, अर्थ ही मानाची खाती वाटली गेली, आणि काकासाहेबांच्या वाट्याला बांधकाम, खाणी व वीज हे खाते आले. दगड, कोळसा आणि तारा! वर्तमानपत्रांच्या मथळ्यांना त्यात फारसे आकर्षण नव्हते.

काकासाहेबांचा जन्म 10 जानेवारी 1896 रोजी माळव्यातील मल्हारगड येथे झाला. फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण, पुण्यात वकिली आणि लगोलग असहकाराच्या चळवळीत उडी, हा त्या पिढीतील अनेकांचा क्रम त्यांचाही होता. 1929 साली पर्वतीच्या मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह झाला तेव्हा सनातनी पुण्याचा रोष पत्करून ते सत्याग्रहींच्या बाजूस उभे राहिले. 1934 मध्ये ते मध्यवर्ती कायदेमंडळात निवडून गेले. ‘ग्यानबाचे अर्थशास्त्र’ हे त्यांच्या पुस्तकाचे नावच त्यांची वृत्ती सांगते. पैशाचा व्यवहार शेतकऱ्याच्या अंगणात बसून समजावून सांगता आला पाहिजे, अशी त्यांची धारणा होती.

खाते हाती आले ते फाळणीच्या आगीत. निर्वासितांचे लोंढे दिल्लीत येत होते, त्यांच्या निवाऱ्याचा भार बांधकाम खात्यावर होता. ऑक्टोबरमध्ये काश्मीरवर टोळ्यांचे आक्रमण झाले आणि पठाणकोटहून जम्मूकडे लष्कराला धड रस्ता नाही हे ध्यानी आले. तो रस्ता थोड्या महिन्यांत रात्रंदिवस खपून तयार करवून घेण्याची कामगिरी गाडगीळांच्या खात्याने पार पाडली. नोव्हेंबरात सरदार पटेलांसमवेत ते जुनागढला गेले आणि सोमनाथाच्या जीर्णोद्धाराचा संकल्प झाला त्या वेळी तेथे उपस्थित होते. त्यांच्या नावाचा उल्लेख बहुधा या प्रसंगापुरताच होतो. त्यांचे मोलाचे काम मात्र दुसरेच होते.

1947 साली साऱ्या देशात सार्वजनिक पुरवठ्यासाठी वीजनिर्मितीची क्षमता अवघी 1,362 मेगावॉट होती. आज सोलापूरजवळच्या एनटीपीसीच्या एकट्या केंद्राची क्षमता 1,320 मेगावॉट आहे, यावरून त्या वेळच्या दारिद्र्याची कल्पना यावी. जी काही वीज होती ती प्रामुख्याने मोठ्या शहरांत आणि बहुतांशी खाजगी कंपन्यांच्या हाती होती. जेथे नफा नाही तेथे तारा ओढण्याचे त्यांना कारण नव्हते. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना डॉ. आंबेडकरांनी विजेच्या आणि नदीखोऱ्यांच्या नियोजनाचा पाया घातला होता. काकासाहेबांनी त्यावर भिंती उभ्या केल्या. दामोदर खोरे महामंडळाचा कायदा आणि वीजपुरवठा कायदा हे दोन्ही 1948 सालचे. दुसऱ्या कायद्याने प्रांतोप्रांती वीज मंडळे स्थापण्याची तरतूद केली. मुंबई राज्याचे मंडळ 1954 साली आणि महाराष्ट्राचे 1960 साली त्यातूनच जन्मास आले.

या कायद्यात दोष नव्हता असे नाही. मंडळाने शक्यतो तोट्यात चालू नये असे त्यात म्हटले होते खरे, पण तो ‘शक्यतो’ राज्यकर्त्यांनी इतका ताणला की मंडळे सरकारची बटीक बनली. 2003 च्या कायद्याने जुना कायदा गेला आणि 2005 मध्ये महाराष्ट्राच्या मंडळाचेही विभाजन झाले. तथापि एका खोऱ्यातील वीज दुसऱ्या प्रांताला मिळावी ही कल्पना टिकली. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर वाहिनी कार्यान्वित होऊन दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी एकरूप झाले.

1950 च्या डिसेंबरात सरदार गेले आणि 1952 च्या निवडणुकीनंतर काकासाहेबांना मंत्रिमंडळात स्थान मिळाले नाही. लोकसभेत ते साधे सभासद म्हणून बसले. राज्यपुनर्रचनेचा वाद पेटला तेव्हा मात्र त्यांनी पक्षाची भीड ठेवली नाही. सभागृहाने न्याय केला नाही तर मुंबईचा निर्णय रस्त्यावर होईल, असा इशारा त्यांनी दिला. तरीही त्यांनी काँग्रेस सोडली नाही. परिणामी 1957 मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीचे ना. ग. गोरे यांनी त्यांना पुण्यातच पराभूत केले. ज्या मागणीसाठी ते दिल्लीत भांडले, तिच्याच लाटेत घरी बुडाले. चिंतामणराव देशमुखांनी राजीनामा दिला, त्यांची आरती झाली. गाडगीळ आत राहून बोलले, त्यांच्या पदरी पराभव आला. लोकांचा हा न्याय त्या क्षणी समजण्याजोगा होता. आज तो पुन्हा तपासावयास हरकत नाही.

पुढे 1958 ते 1962 ते पंजाबचे राज्यपाल होते. तेथे सतलजवर भाक्राचे धरण पुरे होत होते, त्याच्या प्रारंभीच्या कागदांवर त्यांच्याच खात्याचे शिक्के होते. 1962 साली साताऱ्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले आणि 1964 मध्ये ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आफ्रिकेतील घाना 1957 साली स्वतंत्र झाला, तेथेही एन्क्रूमा यांच्या सरकारने पहिला ध्यास घेतला तो धरणाचा आणि विजेचा. व्होल्टा नदीवरील आकोसोंबोच्या त्या धरणाचे उद्घाटन जानेवारी 1966 मध्ये झाले. त्याच महिन्याच्या 12 तारखेस, वयाची सत्तर वर्षे पुरी होऊन दोनच दिवस झाले असता, काकासाहेबांचे निधन झाले. सोलापुरात 12 जानेवारी हा 1931 साली फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांचा दिवस म्हणून पाळला जातो.