कमला भागवत, कमला सोहोनी

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला भागवत हे आडनाव आठवते ते दुर्गाबाईंमुळे. त्यांच्या धाकट्या भगिनी कमलाबाई याही लेखन करीत होत्या. पण ते 'बायोकेमिकल जर्नल', 'नेचर' अशा नियतकालिकांत विखुरलेले, इंग्रजीत आणि दोन वेगळ्या आडनावांनी. वैज्ञानिकाचे कर्तृत्व त्याच्या शोधनिबंधांवरून आणि त्यांचा उल्लेख इतरांनी किती वेळा केला यावरून मोजण्याची रीत आता रुळली आहे. त्या मोजपट्टीला कमलाबाईंचे आयुष्य सहजासहजी सापडत नाही.

त्यांचा जन्म १८ जून १९११ रोजी इंदूर येथे झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही बंगलोरच्या टाटा संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. घरात हा विषय परका नव्हताच. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत त्या पहिल्या आल्या. त्याच टाटा संस्थेने मात्र त्यांचा अर्ज नाकारला. संचालक चंद्रशेखर वेंकट रामन यांचा स्त्रियांना प्रवेश देण्यास विरोध होता. कमलाबाईंनी माघार घेतली नाही, तेव्हा एक वर्ष परीक्षाधीन राहण्याच्या अपमानकारक अटीवर प्रवेश मिळाला. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास आरंभिला. १९३५ साली डाळींतील प्रथिनेतर नत्राविषयीचा त्यांचा निबंध 'बायोकेमिकल जर्नल'मध्ये आलाही. ज्यांना प्रयोगशाळेत पाऊल ठेवू देणे धोक्याचे वाटले होते, त्यांचे नाव दोन वर्षांत लंडनच्या नियतकालिकात छापले गेले होते.

१९३७ साली त्या केंब्रिजला गेल्या. तेथील दोन वर्षे त्यांच्या संशोधनाचा सर्वांत सकस काळ होय. डेरेक रिश्टर यांच्यासह, आणि पुढे ब्लाश्को यांनाही बरोबर घेऊन, त्यांनी प्राण्यांच्या शरीरातील विकरांवर लिहिले. यांपैकी अमाइन ऑक्सिडेज या विकराला १९५०नंतर मानसोपचारातील औषधांमुळे फार महत्त्व आले. रॉबिन हिल यांच्या सहवासात त्या वनस्पतींकडे वळल्या. पेशीच्या श्वसनात अखेरची पायरी पार पाडणारी सायटोक्रोमची यंत्रणा सपुष्प वनस्पतींतही आहे, हे दाखवणारे टिपण १९३९ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले. पीएच.डी.चा प्रबंध अवघा ४० पानांचा होता. जाडजूड प्रबंधांची सवय झालेल्या आपल्या विद्यापीठांनी हा आकडा ध्यानात घेण्याजोगा आहे.

त्याच वर्षी त्या परतल्या आणि नवी दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राच्या नव्या विभागाच्या प्रमुख झाल्या. येथे संशोधनाला वाव थोडा होता. म्हणून त्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत गेल्या. १९४७ साली माधवराव सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या व पुढे तेथील विज्ञान संस्थेत रुजू झाल्या.

इथून निबंधांवरील नाव बदलते. तेही एका झटक्यात नव्हे. हिल यांच्याबरोबरचा वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेजवरील सविस्तर लेख १९५१ साली 'न्यू फायटॉलॉजिस्ट'मध्ये छापला गेला, तो विवाहानंतर चार वर्षांनी, पण भागवत या नावानेच. वाल आणि डबल बी यांतून ट्रिप्सिनरोधक स्फटिकरूपात वेगळे केल्याचे १९५५ सालचे 'नेचर'मधील टिपण मात्र सोहोनी यांचे आहे. हे रोधक प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात आणि शिजवल्याने बऱ्याच अंशी निष्प्रभ होतात. वालाची उसळ ज्या घरांत नित्य होते तेथील हा प्रश्न होता. राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून हाती घेतलेल्या नीरेच्या अभ्यासाला राष्ट्रपतींचे पारितोषिक लाभले.

१९६४पासून फिलाडेल्फियाहून निघू लागलेल्या 'सायन्स सायटेशन इंडेक्स'च्या छापील खंडांत उल्लेखित निबंध पहिल्या लेखकाच्या आडनावाखाली नोंदला जाई. त्यामुळे १९३९चे टिपण हिल यांच्या रकान्यात गेले, १९५१चा लेख भागवत यांच्या, आणि वालावरचे काम सोहोनी यांच्या. भागवतमधला 'व' रोमन लिपीत 'व्ही'ने लिहिलेला, ही आणखी एक आडवाट. एका हयातीचे काम तीन ठिकाणी वाटले गेले. बेरीज करणाऱ्याला या तिन्ही व्यक्तींचा परस्परसंबंध आधी ठाऊक असावा लागतो. त्यांनी पुढे अन्नभेसळीविषयी सामान्य ग्राहकांसाठी जे लेख लिहिले, त्यांची तर अशा सूचीत नोंद होण्याचा प्रश्नच नव्हता. कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेच्या कामात त्यांनी निवृत्तीनंतरची वर्षे घातली.

१९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा नवी दिल्लीत सत्कार योजला. ज्या शहरात जवळजवळ साठ वर्षांपूर्वी त्यांनी विभाग उभारला होता, तेथे त्या सत्काराच्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच अवधीत, २८ जून रोजी, त्यांचे निधन झाले. सत्कार कमला सोहोनी यांचा होता.