आठवा दिवस आणि सामाजीचं नाव

आजचं वाचन : उत्पत्ति १७:९-१४ आणि १ शमुवेल १:२०

परवा कबनूरला आमच्या शेजारी बारसं होतं. बारावा दिवस, पाळणा, आत्यानं बाळाच्या कानात सांगितलेलं नाव. मला मात्र तिथे बसून शास्त्रातला आठवा दिवस आठवत होता.

देवानं अब्राहामाला सुंतेची खूण दिली ती मुलाच्या आठव्या दिवसासाठी, आणि त्याच अध्यायात अब्रामाचा अब्राहाम झाला. तरी जुन्या करारात नाव बहुधा जन्माच्या वेळीच पडतं आणि पुष्कळदा आईच ते ठेवते. लेआ बघा, हन्ना बघा. सुंतेच्या दिवशी नाव ठेवणं स्पष्ट दिसतं ते लूक १:५९ मध्ये. तिथे नातेवाईक बाळाला बापाचंच नाव द्यायला निघालेत आणि आई अडून बसलीय. (नातेवाइकांचं हे तेव्हापासूनच आहे!)

आपल्याकडे आठवा दिवस पाळला तो कोकणातल्या बेने इस्राएल लोकांनी. त्यांचे पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. शास्त्राची गुंडाळी जवळ नाही, इब्री भाषा विसरलेली, पण मुलाची सुंता चुकली नाही. नावं तेवढी मराठीत मुरली : इसहाकाचा इसाजी झाला, शमुवेलाचा सामाजी.

सामाजी हसाजी दिवेकर हे त्यांतलेच. आडनाव दिवे गावावरून, आणि शास्त्रातलं नाव शमुवेल यहेज्केल. ते कंपनी सरकारच्या फौजेत अधिकारी होते. म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या हाती सापडले. बेने इस्राएल लोकांचं नाव ऐकून टिपूच्या आईनं त्यांच्यासाठी रदबदली केली, असं त्या समाजात आजही सांगतात. सुखरूप सुटलो तर देवाचं घर बांधीन, असा नवस सामाजींनी केला होता म्हणे. आता १ शमुवेल १ पुन्हा वाचा. ज्या शमुवेलाचं नाव ते लावत होते, तो हन्नाच्या नवसाचा मुलगा! मी इथेच बराच वेळ थांबले.

सुटका झाली आणि नवस ते विसरले नाहीत. १७९६ साली मुंबईत मांडवीला सभास्थान उभं राहिलं, शार हारहामीम, म्हणजे दयेचं द्वार. बेने इस्राएलांचं हे पहिलंच. तोवर सुंता काय, लग्न काय, सगळं घरातच व्हायचं.

पण नव्या घरात ठेवायला तोराची गुंडाळी हवी होती. ती आणायला सामाजी कोचीनच्या यहुद्यांकडे गेले आणि १७९७ साली तिथेच वारले.

सभास्थान मुंबईत अजून आहे. मस्जिद बंदर स्टेशनला उतरलात तर सॅम्युएल स्ट्रीट विचारा. तो रस्ता त्यांच्याच नावाचा.